शस्त्रप्रदर्शनाच्या स्टॉलवर मुलांच्या हाताला काय द्यावे?

आपला प्रश्न मला समजला तो असा. सोलापुरात शिवजयंतीच्या सुमारास आपले मंडळ दोन दिवसांचे शस्त्रप्रदर्शन भरवते. त्यात मुलांसाठी म्हणून दहा बाय पंधरा फुटांचा एक स्टॉल यंदा आपल्या वाट्याला आला आहे आणि अंगरखा-पगडी घालून उभे राहायला चार स्वयंसेवक तयार आहेत. गेल्या वर्षी मात्र मुले आली, तलवार उचलून फोटो काढून घेतला आणि निघून गेली. म्हणून त्यांना युद्धाचा इतिहास समजेल असे, हाताने करण्याचे कोणते उपक्रम ठेवावेत, किती ठेवावेत आणि खर्च किती येईल, हे आपण विचारले आहे. मी गेली पंधरा-सोळा वर्षे सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांत असे स्टॉल लावत आलो आहे आणि सुरुवातीची काही वर्षे मीही मुलांच्या हातात तलवारच देत होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

अडचण उपक्रम कमी असण्याची नाही, असे माझे मत आहे. तलवार उचलणे हेही हातानेच करण्याचे काम आहे. पण ती उचलताना मुलाला काही सोडवायचे नसते आणि उचलून झाल्यावर आधी ठाऊक नव्हते असे काही त्याला कळलेलेही नसते. शिपायासमोर खरोखर उभी राहणारी एखादी अडचण, म्हणजे पाणी कसे ओलांडायचे, घोड्याला काय घालायचे, भिंतीआडून बाहेरचा माणूस कसा दिसायचा, ती अडचण मुलाच्या हातात ठेवली की तेच मूल दहा मिनिटे हलत नाही. त्यामुळे मी उपक्रम निवडताना एकच कसोटी लावतो. स्टॉलवरून निघाल्यावर मूल आईला किंवा मित्राला जे पहिले वाक्य सांगेल, ते ‘मी तलवार धरली’ असे असेल तर तो उपक्रम बाद. ‘अगं, माणसांपेक्षा घोडेच जास्त खातात’ असे असेल तर तो ठेवायचा.

किती उपक्रम ठेवावेत हे गर्दीवर अवलंबून आहे, आणि गर्दीचा अंदाज मला इथे बसून करता येणार नाही. शाळेच्या सहली ठरलेल्या वेळी येणार असतील तर तीस-चाळीस मुलांचा गट अर्धा तास आपल्याकडे असतो आणि तीन ठिकाणे फिरवता येतात. संध्याकाळी आईवडिलांचे बोट धरून येणारी गर्दी असेल तर एका मुलाच्या वाट्याला तीन-चार मिनिटेच येतात. अशा वेळी दोनच टेबले लावावीत आणि तिसरा उपक्रम स्टॉलबाहेर मोकळ्या जागेत न्यावा. सात वर्षांखालच्या मुलांना शतके समजत नाहीत, त्यांना फक्त ‘आत’ आणि ‘बाहेर’ समजते, आणि तेवढे पुरते. दहा-बाराच्या पुढच्या मुलांना हिशेब आवडतो, मात्र गणिताच्या तासासारखा वाटला की ती सटकतात.

सोलापुरात स्टॉल लावणाऱ्याकडे एक मोठे भांडवल आयते आहे, आणि ते म्हणजे गावातला भुईकोट. आपली मुले दिवाळीत मातीचा किल्ला करतात तो नेहमी डोंगरी असतो, वर सिंहासन आणि खाली मावळे. सपाटीवरचा किल्ला लढतो कसा, हे त्यांनी कधी मनात आणलेले नसते. आपल्या किल्ल्याच्या पूर्वेला सिद्धेश्वर तलाव आहे आणि बाकीच्या बाजूंना खंदक. जुन्या गॅझेटियरमध्ये या खंदकाची रुंदी १०० ते १५० फूट आणि खोली १५ ते ३० फूट दिली आहे. हे आकडे फलकावर लिहिले तर कोणी वाचत नाही, म्हणून मी ते जमिनीवर मांडतो. शंभर फूट सुतळी मोजून घ्यायची, दोन्ही टोकांना खुंट्या मारायच्या, एका टोकाला ‘तट’ आणि दुसऱ्या टोकाला ‘आपण’ अशा दोन पाट्या लावायच्या, एवढीच तयारी. मुलाला ‘आपण’च्या टोकाला उभे करायचे, सहा फुटांची हलकी बांबूची शिडी दाखवायची आणि ‘चल, किल्ला घे’ म्हणायचे.

पहिले मूल बहुधा शिडी उचलून धावतेच. मग स्वयंसेवकाने त्याला थांबवावे आणि इथून पुढे पाणी आहे हे सांगावे. शिडी आडवी टाकून किती शिड्या लागतील ते मोजायला लावले की मुले सुतळीवर शिडी पालथी घालत जातात आणि सतराव्या शिडीला तटापाशी पोहोचतात. त्यानंतर चिंध्यांचा घट्ट बांधलेला चेंडू देऊन तो तटापर्यंत फेकायला सांगावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा चेंडू अर्ध्या खंदकात पडतो आणि मागे उभे असलेले सगळे हसतात. यानंतर जी शांतता पडते ती फार मोलाची असते. स्वयंसेवकाने तिथे अजिबात बोलू नये. मुले स्वतःच सुचवू लागतात: पोहून जाऊ, होडी आणू, माती टाकून खंदक भरू, पाणी सोडून देऊ, खालून भुयार खणू, आतल्या माणसाला पैसे देऊ, बाहेर बसून राहू म्हणजे ते उपाशी मरतील. यातला जवळजवळ प्रत्येक मार्ग दख्खनच्या वेढ्यांमध्ये कोणी ना कोणी वापरलेला आहे. खंदक भरून काढत, दमदमे म्हणजे मातीचे उंच चौथरे उभारून त्यांवर तोफा चढवत, तटाखाली सुरुंग लावत आणि फितुरीनेही किल्ले घेत. पण सर्वांत जास्त वापरला गेला तो बसून राहण्याचा मार्ग. मुलाने उपाय सुचवला की स्वयंसेवकाने त्या उपायाचे नाव तेवढे त्याला द्यावे. ‘याला मोर्चे लावणे म्हणतात’ असे सांगितल्यावर एका मुलीने, ‘म्हणजे कलेक्टर ऑफिसवर नेतात तो?’ असे विचारले होते, आणि तो शब्द वेढ्यातून रस्त्यावर कसा आला हे सांगायला मला आयतीच संधी मिळाली.

याच सुतळीवर मोठ्या मुलांना दोन गोष्टी आणखी सांगता येतात. पहिली ही की सोलापूरचा किल्ला आदिलशाही आणि निजामशाही यांच्यात कितीतरी वर्षे भांडणाचे कारण होता आणि निजामशाहीतल्या चांदबिबीचे लग्न अली आदिलशहाशी झाले तेव्हा तो आंदणात दिला गेला. शंभर फुटांचा खंदक लग्नाने ओलांडला जातो, हे ऐकून मुले थक्क होतात. दुसरी ही की मे १८१८ मध्ये मन्रो या इंग्रज सेनानीच्या फौजेने तोफांचा मारा करून काही दिवसांतच हा किल्ला पेशव्यांच्या शिबंदीकडून, म्हणजे किल्ल्यातल्या राखणीच्या फौजेकडून, घेतला. खंदक होता तेवढाच रुंद होता, पण तोफेच्या गोळ्याला तो अडवू शकत नव्हता. एवढे कळले तरी शस्त्रे बदलली की किल्ल्याची किंमत का बदलते हे मुलाला समजते, आणि त्यासाठी वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

दुसरा उपक्रम टेबलावरचा आहे. तो मी स्वतः सर्वांत जास्त वेळा चालवला आहे, त्यामुळे त्यावर थोडा रेंगाळतो. एका परातीत पाच किलो ज्वारी, एक छोटे माप आणि एका वाटीत कवड्या ठेवाव्यात. एक कवडी म्हणजे लादलेला एक बैल आणि एका बैलावर एक क्विंटल धान्य, असे आम्ही हिशेबाच्या सोयीसाठी धरतो. शंभर माणसे आणि शंभर घोडे दहा दिवसांच्या वाटेवर निघाले आहेत. माणसाला रोज पाऊण किलो धान्य लागते; घोड्याला गवताशिवाय तीन किलो दाणा लागतो, असेही धरतो. मुलाने आधी अंदाज सांगायचा आणि मग कवड्या मांडायच्या. माणसांचे साडेसात क्विंटल होतात, म्हणजे आठ कवड्या. घोड्यांचे तीस क्विंटल, म्हणजे तीस कवड्या. दोन रांगा शेजारी शेजारी मांडल्या की काही सांगावे लागत नाही. त्यातच एखादे हुशार पोर हमखास विचारते, की बैल काय खातात? या प्रश्नाची मी वाट पाहत असतो. बैल वाटेवर चरतात, म्हणजे वाटेवर गवत हवे, नदीला उतार हवा, शेतातले धान्य खळ्यावर आलेले हवे. म्हणून फौज पावसाळ्यात छावणी करून बसते आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडते. दसऱ्याला सोने का लुटतात हे मुलांना ठाऊक असते, पण त्या दिवसाचा घोड्याच्या दाण्याशी काय संबंध आहे हे त्यांना इथे प्रथमच कळते.

यानंतर स्वयंसेवकाने सगळ्या कवड्यांवर हात ठेवावा आणि ‘गनिमाने तुझे बैल अडवले, आता?’ असे विचारावे. काही मुले लढायला निघतात, काही परत फिरतात, एखादे मूल घोडे विकायचे म्हणते. पालखेडची हकिकत इथे दोन वाक्यांत सांगता येते: फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीरावाने निजामाला अशा ठिकाणी कोंडले की त्याला दाणा-वैरण आणि पाणी मिळेना, आणि मोठी लढाई न होताच मार्चमध्ये मुंगी-शेवगाव येथे त्याला तह करावा लागला. लढाई न करता जिंकलेली मोहीम मुलांच्या जास्त लक्षात राहते, असे मला दिसून आले आहे. कदाचित कवड्यांवरचा तो हात त्यांना आठवत असावा.

कवड्याच का, असे आपण विचाराल. धान्याची ही वाहतूक करणारे लोक लमाण होते आणि त्यांचे तांडे आपल्या जिल्ह्यात आजही आहेत. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने धान्याने लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. एका वर्षी तांड्यावरच्या शाळेतली मुले आली होती. त्यातल्या एकीने कवडी उचलून ‘ही माझ्या आजीच्या घागऱ्याला असते’ म्हटले, आणि मग पुढची दहा मिनिटे ते टेबल तिनेच चालवले. शस्त्रप्रदर्शनात आपल्या घरचे कोणी असू शकते, ही कल्पनाच पुष्कळ मुलांना नसते, कारण आपण त्यांना फक्त राजे आणि सरदार दाखवतो. त्यामुळे स्टॉलच्या तोंडाशी मी चिठ्ठ्यांची एक थैली ठेवतो. मूल चिठ्ठी उचलते आणि त्याला हुद्दा मिळतो: बारगीर आणि शिलेदार हे घोडेस्वार, तोफ डागणारा तोपची, घोड्यांना नाल ठोकणारा नालबंद, पखालीतून पाणी पुरवणारा पखालजी, निरोप आणि बातम्या आणणारा जासूद, खोदकाम करणारा बेलदार, लमाण. बारगिराचा घोडा सरकारी आणि शिलेदाराचा स्वतःचा, एवढे समजले की कवड्यांच्या टेबलावर दोघांची काळजी वेगळी होते, कारण शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची चाकरीच जाते.

बाकीचे उपक्रम थोडक्यात सांगतो. जंगी म्हणजे तटातले बंदुकीचे भोक. एका जाड पुठ्ठ्याच्या फळीत आतून रुंद, बाहेरून अरुंद आणि खाली उतरती अशी जंगी कापून मुलाला दोन्ही बाजूंनी पाहायला लावावे; आतल्याला बाहेरचा माणूस दिसतो आणि बाहेरच्याला फक्त एक फट दिसते, हे सहा वर्षांच्या मुलालाही लगेच उमगते. चिलखताऐवजी मी गादीवाल्याकडून शिवून घेतलेली कापूस भरलेली बंडी ठेवतो, कारण साध्या शिपायाच्या अंगावर लोखंडापेक्षा कापडाचे थर असण्याचा संभव अधिक होता. चादरीच्या कटपीसचे दोन, आठ आणि सोळा थर शिवून ठेवायचे आणि दाभण कोणत्या थराला अडेल याचा अंदाज मुलांनी करायचा. दाभण मात्र स्वयंसेवकाच्याच हातात असावा. तोफेसाठी खडूने ७१ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढावे आणि मुलाला त्यात बसवावे. विजापूरच्या मुलुख-मैदान तोफेचे तोंड तेवढे आहे. ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, पुढे परांड्याला होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली. साधारण ५५ टनांचे हे धूड भीमेपलीकडे कसे नेले असेल, यावर मुलांनी जेवढे डोके खाजवावे तेवढे चांगले. दहा सेंटिमीटर व्यासाचा दगडी गोळा दीड किलोच्या आसपास आणि तेवढाच लोखंडी गोळा पावणेचार किलोच्या आसपास भरतो. दोन्ही एकेका हातात दिले की आणखी काही बोलावे लागत नाही.

तलवार अजिबात ठेवू नका, असे मी म्हणणार नाही. तीच पाहायला मुले येतात. ती बोथट असावी, साखळीने टेबलाला बांधलेली असावी आणि शेजारी वजनकाटा असावा. वजनाचा अंदाज आधी सांगितल्याशिवाय ती उचलू द्यायची नाही. मुले दहा किलो, वीस किलो म्हणतात, आणि मोबाइलवर फिरणारे संदेश वाचलेले त्यांचे वडील त्याहून जास्त सांगतात. काटा एक किलोच्या आसपास थांबला की दोघेही गप्प होतात. दिवसभर घोड्यावर बसून फिरवायचे हत्यार वीस किलोचे कसे असेल, हे मग त्यांचे तेच ठरवतात.

मी काय बंद केले, तेही सांगितले पाहिजे. मोडीत नाव लिहून देण्यासाठी मोठी रांग लागते, पण त्या रांगेत युद्धाचा इतिहास कुठेच नसतो. शिवाय चारांपैकी दोन स्वयंसेवक त्यातच अडकतात. लाकडी यंत्राने गोळे उडवण्याचा परदेशी थाटाचा खेळही मी एक वर्ष ठेवला होता. एका मुलाच्या चष्म्याला चेंडू लागला आणि तोपर्यंत माझ्या लक्षात आले की शिवकाळातल्या दख्खनमध्ये हे यंत्र दाखवण्याला काही अर्थ नाही. त्याऐवजी गोफण दाखवावी. ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसून पाखरे हाकणारी हीच वस्तू गडावरही कामी येत असे. मात्र मोकळे मैदान असेल आणि चिंध्यांचा गोळा असेल तरच ती फिरवू द्यावी.

भगवे विरुद्ध हिरवे असे दोन गट पाडून लुटुपुटूची लढाई लावणे मी अगदी पहिल्या दोन वर्षांतच सोडले. ते गैर आहेच, पण त्याहून आधी ते खोटे आहे. शहाजीराजे आदिलशाहीत सरदार होते, शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, आणि आपला भुईकोट तर किती वेळा या हातातून त्या हातात गेला. सोलापुरात एकाच रांगेत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुले उभी असतात, त्यांतल्या कोणालाही ‘तू शत्रू हो’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. माझ्या स्टॉलवर फक्त ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ असतात आणि दर फेरीला ते बदलतात. चार स्वयंसेवकांत निदान एकाला तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर फार सोपे जाते.

स्वयंसेवकांबाबत एक गोष्ट आग्रहाने सांगतो. अंगरखा घालून उभ्या राहिलेल्या माणसाचे बोलणे मुले पुस्तकापेक्षा खरे मानतात. म्हणून त्यांना जुनी भाषा, खोटा आवेश आणि पाठ केलेले संवाद शिकवण्यापेक्षा ‘मला ठाऊक नाही, शोधून सांगतो’ हे वाक्य शिकवावे. ‘यात माणसे खरेच मरायची का?’ असे लहान मूल विचारतेच. त्यावर विषय बदलू नये, ‘हो, मरायची, आणि त्यांच्या घरी तुझ्यासारखी मुले असायची’ एवढे सरळ उत्तर द्यावे. त्यापुढे मूल विचारील तेवढेच सांगावे.

उन्हाची काळजी आपल्याकडे वेगळी घ्यावी लागते. एका फेब्रुवारीत मी कड्यांचे चिलखत आणि शिरस्त्राण दुपारी दोन वाजेपर्यंत उघड्यावर ठेवले आणि एका मुलाने ते डोक्यावर घेताच तो ओरडला. कपाळ लाल होण्यावर निभावले, पण चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून लोखंड सावलीत, ओल्या पोत्यावर ठेवतो आणि सुतळीचा उपक्रम अकराच्या आत किंवा साडेचारनंतरच चालवतो. दुसरे म्हणजे सार्वजनिक ठिकाणी शस्त्रे बाळगण्यावर पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी लागू असतात, त्यामुळे मंडळाने प्रदर्शनाची लेखी परवानगी काढली आहे का आणि तीत शस्त्रांची यादी जोडली आहे का, हे आपण स्वतः पाहून घ्यावे. बंदुकीची दारू, ती पेटवायचा तोडा म्हणजे जळती वात, ठिणगी यांतले काहीही मुलांच्या स्टॉलवर नको. दारूचे घटक म्हणून सोरा, गंधक आणि कोळसा बंद बाटल्यांत वेगवेगळे दाखवले तरी पुरे.

खर्चाचे म्हणाल तर सुतळी, बांबू, ज्वारी, कवड्या, पुठ्ठा आणि कटपीस मिळून हजार-दीड हजारांत भागते. बंडीची शिलाई आणि लोखंडी गोळा यांचा खर्च वेगळा. तीनच गोष्टी जमणार असतील तर सुतळी, कवड्या आणि वजनकाटा या तीन ठेवाव्यात. मात्र आधी या आठवड्यात मैदानावर जाऊन स्टॉलपुढे शंभर फूट मोकळी, सपाट जागा मिळते का ते मोजून घ्यावे. ती नसेल तर मंडळाकडून स्टॉल कडेच्या रांगेत मागून घ्यावा, कारण मधल्या रांगेत सुतळी टाकली की पहिल्या तासातच कोणीतरी तिच्यात पाय अडकून पडते.